सहीने आले, सहीने गेले

कळसच्या विहारात रविवारी वंदना झाली की पोरे थोडा वेळ थांबतात. कोणाला जात पडताळणीचे कागद दाखवायचे असतात, कोणाचा जमिनीचा दावा इंदापूरच्या कोर्टात पडून असतो, कोणाला नुसतेच बोलायचे असते. मागच्या महिन्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाने मोबाईल आमच्यापुढे धरला. कॉलेजच्या ग्रुपवर आलेला मजकूर होता. अमेरिकेने आरक्षण संपवले, आता तिथे फक्त मेरिट, जगातली महासत्ता शहाणी झाली, भारत कधी होणार, असा त्याचा आशय. खाली दोन देशांचे झेंडे आणि टाळ्या वाजवणारे हात. मुलगा म्हणाला, "वकीलकाका, हे खरं हाय का? आन् खरं असंल तर आपलं किती दिवस राह्यलं?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिथल्या तिथे दिले. दुसऱ्याचे मात्र नीट देता आले नाही. घरी आल्यावरही तो प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून हा प्रपंच.

आधी खरे काय ते सांगतो. अमेरिकेत आपल्यासारखे आरक्षण कधी नव्हतेच. कॅलिफोर्नियातील डेव्हिसच्या मेडिकल कॉलेजने १०० पैकी १६ जागा राखून ठेवल्या होत्या. १९७८ साली बॅकी खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या राखीव जागा बेकायदा ठरवल्या. वंशाचा विचार इतर अनेक गोष्टींपैकी एक म्हणून करता येईल, एवढीच फट न्यायालयाने उघडी ठेवली. पुढची ४५ वर्षे काळ्यांची मुले त्या फटीतून आत जात होती. २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन विद्यापीठांच्या प्रकरणात तीही बंद झाली. मग २१ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे दुसऱ्या कारकिर्दीची शपथ घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी, डोनाल्ड ट्रम्प यांनी १४१७३ क्रमांकाचा आदेश काढला. आदेशाच्या नावातच 'गुणवत्तेवर आधारित संधी' हे शब्द आहेत. त्या एका कागदाने अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचा २४ सप्टेंबर १९६५ चा ११२४६ क्रमांकाचा आदेश रद्द झाला. सरकारी कंत्राट घेणाऱ्या खाजगी कंपन्यांनी नोकरभरतीत भेदभाव करू नये, आणि मोठ्या कंत्राटदारांनी वंचितांना आत घेण्याची लेखी योजना करावी, असे बंधन जॉन्सन यांच्या आदेशाने घातले होते. साठ वर्षे तो आदेश टिकला आणि एका सहीने गेला.

त्या ग्रुपवर टाळ्या वाजवणाऱ्यांना यातले काही माहीत असेल असे आम्हाला वाटत नाही. त्यांना फक्त 'मेरिट' हा शब्द हवा होता, तो मिळाला. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळींनी टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांतून मांडलेला युक्तिवाद न्यू जर्सीतल्या, टेक्सासमधल्या मामा-काकांच्या तोंडी येतो, तिथून पुण्यातल्या भाच्याच्या मोबाईलवर येतो आणि शेवटी कळसच्या पोराच्या छातीत रुतून बसतो. अमेरिकेतला वाद तिथल्यांचा आहे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून चालत नाही ते यासाठी.

आता हे मेरिट तरी किती सोवळे आहे ते बघा. हार्वर्डच्या खटल्यात बाहेर आलेल्या आकडेवारीवरून अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला. प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक विद्यार्थी खेळाडू म्हणून, माजी विद्यार्थ्यांची मुले म्हणून, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुले म्हणून किंवा देणगीदारांशी वगैरे संबंध असल्यामुळे डीनच्या खास यादीतून आलेले निघाले. बाप हार्वर्डला होता म्हणून पोरगा हार्वर्डला. आपल्याकडे याला वतनदारी म्हणतात. २०२३ च्या निकालाने या वतनदारीला हात लावला नाही. काळ्याच्या पोराला मिळणारा आधार तेवढा घटनाबाह्य ठरला. परिणाम लगेच दिसला. एमआयटीमध्ये आधीच्या काही वर्षांत नव्या तुकडीत सरासरी १३ टक्के काळे विद्यार्थी असत, २०२४ च्या तुकडीत ते ५ टक्के राहिले.

आणि आपल्याकडच्या मेरिटवाल्यांचे काय? १२ ऑगस्ट २००५ रोजी पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी सांगितले की विनाअनुदानित खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांवर सरकारला आपले आरक्षण लादता येणार नाही. त्याच निकालाने परदेशस्थ भारतीयांसाठी १५ टक्क्यांपर्यंत जागा ठेवायला मात्र मोकळीक दिली. परदेशातल्या नातेवाईकाच्या डॉलरवर मिळणाऱ्या त्या जागेविरुद्ध मेरिटच्या नावाने मोर्चा निघालेला आम्ही तरी पाहिला नाही. पंजाब सरकारने काका, मामा, आत्या, मावशी असे लांबचे नातेवाईकही या कोट्यात घुसवले, तेव्हा सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ही फसवणूक आहे असे सुनावले. इनामदार निकालानंतर संसदेला ९३ वी घटनादुरुस्ती करावी लागली, कलम १५(५) आले, महाराष्ट्राने २००६ साली आपला कायदा केला. आमच्यापुढे मोबाईल धरणारा हा मुलगा खाजगी कॉलेजच्या ज्या जागेवर बसून शिकतो आहे, ती जागा अशी लढून मिळालेली आहे. हे त्याला कोणी सांगितले नव्हते. चूक त्याची नाही, आम्हा सांगणाऱ्यांची आहे.

अमेरिकेच्या निकालात एक वाक्प्रचार फार मिरवला गेला, तो म्हणजे रंग न पाहणारी राज्यघटना. हा शब्द न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांचा. १८९६ साली प्लेसी खटल्यात गोऱ्यांचे डबे वेगळे आणि काळ्यांचे वेगळे, हे आगगाडीतले सोवळेओवळे न्यायालयाने कायदेशीर ठरवले. एकट्या हार्लन यांनी विरोधी मत नोंदवले आणि आपली घटना रंग पाहत नाही असे म्हटले. त्यांचे धैर्य मोठे होते. पण त्याच निकालपत्रात त्यांनी गोरा वंश प्रतिष्ठेत, शिक्षणात, संपत्तीत वरचढ आहे आणि पुढेही राहील असे लिहून ठेवले, आणि चिनी लोक इतके वेगळे की त्यांना आपण नागरिकही होऊ देत नाही, असाही उल्लेख केला. २०२३ चा खटला तर आशियाई विद्यार्थ्यांच्या नावाने लढवला गेला! त्या विद्यार्थ्यांची तक्रार आम्ही उडवून लावणार नाही. त्यांना व्यक्तिमत्त्वाच्या रकान्यात कमी गुण दिले जात, हे न्यायालयापुढे आले होते, जरी खालच्या न्यायालयाने २०१९ साली त्यात हेतुपुरस्सर भेदभाव नाही असे ठरवले होते. पण खटल्यामागचा सूत्रधार एडवर्ड ब्लम हा आशियाई नव्हे. काळ्यांच्या मतदानाच्या हक्काचे संरक्षण करणाऱ्या कायद्याचा कणा मोडणारा २०१३ चा शेल्बी काउंटी खटलाही त्याच्याच पाठिंब्याने उभा राहिला होता. खांदा कोणाचा आणि बंदूक कोणाची, हे आम्हा खेड्यातल्या वकिलांनाही ओळखता येते.

आमच्या मराठी मध्यमवर्गाने इथे जरा थांबून इतिहास वाचावा. भगतसिंग थिंद नावाचा एक पंजाबी माणूस पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता. नागरिकत्वासाठी तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेव्हा नागरिकत्व मुख्यतः गोऱ्यांना मिळत असे. त्याच्या वतीने सखाराम गणेश पंडित हे वकील होते. युक्तिवाद काय केला? आपण उच्च जातीचे हिंदू आहोत, आर्य आहोत, म्हणून गोरे आहोत. आपल्या देशात खालच्यांशी आपण रोटीबेटी करत नाही, हाच गोरेपणाचा पुरावा. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायालयाने निकाल दिला की साध्या माणसाच्या समजुतीत जो गोरा नाही तो गोरा नाही. वर्णश्रेष्ठत्वाचे प्रमाणपत्र अटलांटिकच्या पलीकडे चालले नाही. या निकालानंतर अनेक भारतीयांचे मिळालेले नागरिकत्वही काढून घेण्यात आले.

मग दार उघडले कोणी? १९४६ च्या कायद्याने भारतीयांना वर्षाला फक्त १०० जणांचा कोटा दिला. हो, कोटाच. खरे दार उघडले ते ३ ऑक्टोबर १९६५ च्या कायद्याने, ज्यात देशनिहाय कोटे मोडीत निघाले. तो कायदा आकाशातून पडला नाही. १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६५ चा मतदान हक्काचा कायदा, जॉन्सन यांचा तो ११२४६ क्रमांकाचा आदेश आणि हा स्थलांतराचा कायदा एकाच लाटेत आले. ती लाट उठवली काळ्या माणसांनी, कुत्री अंगावर घेऊन, तुरुंगात जाऊन, मरून. पुण्या-मुंबईचे डॉक्टर आणि इंजिनिअर त्या लाटेवर तरून अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले. तिथे मंडळे काढली, गणपती बसवले, अधिवेशने भरवली. चांगले केले. पण ज्यांच्या खांद्यावर पाय ठेवून भिंत ओलांडली, त्यांच्याच पोरांची शिडी काढताना टाळ्या वाजवायच्या?

बरे, टाळ्या वाजवून तरी पदरात काय पडले? विवेक रामस्वामी हे आरक्षणसदृश धोरणांवर तुटून पडणारे भारतीय वंशाचे रिपब्लिकन पुढारी. मे २०२४ मध्ये त्यांच्याच कार्यक्रमात अॅन कोल्टर या कॉन्झर्व्हेटिव्ह लेखिकेने त्यांना तोंडावर सांगितले की तुमचे बरेचसे म्हणणे मला पटते, पण तुम्ही भारतीय म्हणून तुम्हाला मत दिले नसते. डिसेंबर २०२४ मध्ये याच रामस्वामींनी लिहिले की अमेरिकन संस्कृती सुमारपणाला डोक्यावर घेते, म्हणून कंपन्यांना परदेशी इंजिनिअर लागतात. त्यावर त्यांच्याच पक्षाचे लोक त्यांच्यावर तुटून पडले. मेरिटचा झेंडा काळ्यांविरुद्ध फडकवला तोवर तो आपला होता, गोऱ्यांच्या नोकरीजवळ नेला तेव्हा लगेच उतरवला गेला. १९ सप्टेंबर २०२५ रोजी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावण्याचा आदेश निघाला. या व्हिसांपैकी सुमारे ७० टक्के भारतीयांना मिळतात. आम्हाला याचा आनंद नाही. त्या रांगेत आता आमचीही काही पोरे उभी आहेत, कर्ज काढून गेलेली.

त्याआधी २० जानेवारी २०२५ रोजी, शपथविधीच्या दिवशीच, आणखी एक आदेश निघाला. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाचे आईबाप तात्पुरत्या व्हिसावर असतील तर त्याला जन्माने नागरिकत्व नाही. न्यायालयांनी त्याची अंमलबजावणी रोखली. ती कशाच्या आधाराने? १८६८ च्या १४ व्या घटनादुरुस्तीच्या. ही दुरुस्ती गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्यांना नागरिक करण्यासाठी झाली होती. आज त्याच कलमाच्या आडोशाला मराठी संगणक अभियंत्याचे तान्हे मूल आहे. आणि त्याच दुरुस्तीतल्या 'समान संरक्षण' या शब्दांचा आधार घेऊन २०२३ साली काळ्यांच्या मुलांची वाट बंद करण्यात आली. एकच कलम, पण ते कोणाच्या हातात आहे त्यावर सगळे ठरते. कायदा शिकताना हे आम्हाला कोणी शिकवले नाही, कोर्टात उभे राहिल्यावर कळले.

जातीनेही समुद्र ओलांडला आहेच. ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने सिस्को या कंपनीवर आणि तिच्या दोन व्यवस्थापकांवर दावा लावला, की एका दलित अभियंत्याला सवर्ण वरिष्ठांनी जातीवरून वागणूक दिली. कंपनीने आरोप नाकारले. व्यक्तींवरचा दावा एप्रिल २०२३ मध्ये मागे घेतला गेला, कंपनीवरचा पुढे चालू राहिला. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल शहराच्या कौन्सिलने सहाविरुद्ध एक मतांनी जातिभेदावर बंदी घातली. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही तसे विधेयक मंजूर केले, पण ७ ऑक्टोबर २०२३ रोजी गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. सध्याच्या कायद्यात हे संरक्षण आहेच, असे कारण दिले. न्यूसम हे ट्रम्प यांच्या पक्षाचे नाहीत, उदारमतवादी डेमोक्रॅट आहेत. आपल्या लोकांनी हेही ध्यानात ठेवावे. काँग्रेसच्या राज्यात आपण काय काय भोगले ते आठवले की यात नवल वाटत नाही.

न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांचा मुद्दा मात्र बाजूला सारता येत नाही. हे काळे गृहस्थ, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले या धोरणांचे सर्वात कडवे विरोधक. येल विद्यापीठातून १९७४ साली कायद्याची पदवी घेतली, तेव्हा लोकांना वाटे, हा वंशामुळे आत आला. नोकरी मिळेना. त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे की चिरूटाच्या पाकिटावरचे १५ सेंटचे किमतीचे लेबल काढून त्यांनी पदवीच्या चौकटीला चिकटवले. त्या पदवीची किंमत तेवढीच, म्हणून.

ही जखम खरी आहे. आमच्या पोरांना ती माहीत आहे. हॉस्टेलवर 'कोट्यातला' म्हणून मारलेला टोमणा, वर्गात मार्क वाचताना प्रवर्गावर दिलेला जोर, मुलाखतीत आडनावावर थबकलेली नजर. आमच्या स्वतःच्या वकिलीच्या पहिल्या वर्षी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने हसत विचारले होते, सनद पण राखीव मिळते काय? त्या दिवशी आम्हीही घरी येऊन पदवीकडे पाहिले होते. पण थॉमससाहेबांचे निदान चुकले आहे. डाग आरक्षणाने पडतो असे ते म्हणतात. तर मग १९१७ साली बडोद्यात काय घडले? बाबासाहेब तिथे नोकरीला गेले तेव्हा राखीव जागा नव्हती, कोटा नव्हता. कोलंबियात शिकलेला, लंडनमध्ये अभ्यास करून आलेला तो विद्वान होता. त्या मेरिटला कचेरीतला शिपाई लांबून कागद फेकत होता. राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने हाकलले. डाग आधी होता, सवलत नंतर आली. टोमणे मारणाऱ्याला कोटा सापडला नाही तर तो आडनाव शोधतो, गाव शोधतो, वस्ती शोधतो.

अमेरिकेकडे बघायला आम्हाला नव्याने कोणी शिकवू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटून काम केले. बाबासाहेबांनी १९४६ साली विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ साली आमच्या तरुणांनी दलित पँथर काढली, ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. आमची अमेरिका ही आहे. ती आज संकटात आहे. बाबासाहेबांच्या कोलंबिया विद्यापीठाचे ४० कोटी डॉलरचे अनुदान मार्च २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने रोखले. जुलैमध्ये विद्यापीठाने २२ कोटी १० लाख डॉलर देण्याचे कबूल करून तडजोड केली, आणि प्रवेश घेतलेल्या व नाकारलेल्या विद्यार्थ्यांची वंशनिहाय माहिती सरकारला देण्याचेही मान्य केले. ज्या विद्यापीठाने १९१३ साली एका महार तरुणाला आत घेतले, त्याला आता आपण कोणाला आत घेतो याचा हिशेब द्यावा लागतो आहे.

आता त्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. आपले किती दिवस?

कायद्याने पाहिले तर आपला पाया वेगळा आहे. अमेरिकेत हे धोरण घटनेत कुठे लिहिलेले नव्हते. अध्यक्षाचा आदेश होता, विद्यापीठाचा नियम होता, न्यायालयाने ठेवलेली फट होती. आपल्याकडे बाबासाहेबांनी कलम १६(४) मूळ घटनेतच घातले. मद्रासच्या चंपकम दोराईराजन प्रकरणात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणातले जातनिहाय वाटप रद्द केले. गंमत म्हणजे त्या बाईंनी मेडिकलला अर्जही केलेला नव्हता! तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री असताना त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५(४) आले. त्यामुळे अमेरिकेचे निकाल इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. १० एप्रिल २००८ रोजी अशोककुमार ठाकूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्टच सांगितले, की अशा धोरणांकडे संशयाने पाहून त्यांची कडक छाननी करण्याची अमेरिकन कसोटी आपल्याकडे लागू नाही. कोणी हार्वर्डचा निकाल तोंडावर फेकला तर ठाकूर खटल्याचे नाव सांगावे. आणि जानेवारी २०१९ मध्ये संसदेने अवघ्या दोन दिवसांत १० टक्के आर्थिक आरक्षण मंजूर केले तेव्हा मेरिट कुठे गेले होते, हेही विचारावे. त्यातून अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींमधले गरीब वगळले गेले. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी तीनविरुद्ध दोन मतांनी ते वैध ठरले. अल्पमतात सरन्यायाधीश उदय लळित आणि न्यायमूर्ती रवींद्र भट होते.

एवढे सांगून आम्ही त्या मुलाची समजूत घालू शकलो असतो. घातली नाही, कारण ते अर्धेच खरे आहे.

२००४ साली केंद्रातल्या संयुक्त पुरोगामी आघाडीने किमान समान कार्यक्रमात खाजगी क्षेत्रातल्या आरक्षणाचा विषय घेतला. तेव्हा उद्योगपतींनी काय सांगितले ते आमच्या वाचकांना आठवत असेल. कायदा नको, सक्ती नको, अमेरिकेसारखे स्वेच्छेने करू. २००६ साली सीआयआय आणि असोचॅम यांनी जे. जे. इराणी यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले, आचारसंहिता केली, प्रशिक्षणाची आणि शिष्यवृत्तीची आश्वासने दिली. आपल्यातलेही काही शिकलेले लोक तेव्हा म्हणाले, अमेरिकन कंपन्या बघा, कायद्याशिवाय काळ्यांना घेतात. हे अर्धसत्य होते. त्या कंपन्यांच्या मानेवर जॉन्सन यांचा आदेश होता. ५० किंवा अधिक माणसे आणि ५० हजार डॉलर किंवा त्यापुढचे सरकारी कंत्राट असेल तर लेखी योजना द्यावीच लागे. तो आदेश जाताच तिथल्या बड्या बड्या कंपन्यांनी विविधतेचे विभाग गुंडाळायला घेतले, काहींनी तर आदेशाची वाटही पाहिली नाही. स्वेच्छेची लांबीरुंदी अशी जगाला दिसली. आपल्याकडे तर तो आदेशही कधी नव्हता.

आपली घटना शाबूत आहे, पण ती लागू होण्याची जागा आटत चालली आहे. महाराष्ट्राच्या आरक्षण कायद्यात अनुसूचित जातींना १३ टक्के, जमातींना ७ टक्के, भटक्या-विमुक्तांना ११ टक्के, विशेष मागास प्रवर्गाला २ टक्के, ओबीसींना १९ टक्के लिहिलेले आहेत. हे टक्के पदांवर मोजायचे असतात. पदच भरले नाही, किंवा ते ठेकेदाराच्या खिशात गेले, तर १३ टक्के कशाचे? ६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य सरकारने नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय काढला. तरुण रस्त्यावर आले, ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला, आणि हे पाप मुळात कोणाचे यावर सगळे पक्ष एकमेकांकडे बोट दाखवत बसले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने ४५ वरिष्ठ पदांसाठी थेट भरतीची जाहिरात दिली, त्यात आरक्षण नव्हते. तीन दिवसांत ती मागे घेतली गेली. दोन्ही वेळा ओरड झाली म्हणून थांबले. जिथे ओरड होत नाही तिथले काय?

आमच्याकडची पोरे बारामतीच्या एमआयडीसीत जातात ती ठेकेदाराच्या गाडीतून. सहा-सहा महिन्यांनी ठेका बदलतो, गेटपासचा रंग बदलतो, पोरगा तोच. सरकारी कार्यालयातला संगणकचालक, दवाखान्यातला सफाईवाला, वाहनचालक, सुरक्षारक्षक, सगळे एजन्सीचे. सफाईच्या कामात आमच्या लोकांची भरती मेरिटवरही होते आणि कोट्याशिवायही होते, तिथे कोणाची हरकत नसते! केंद्र सरकारने २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितले की ४५ दिवस वा अधिक चालणाऱ्या तात्पुरत्या नेमणुकांतही आरक्षण लागू आहे. ते केंद्राच्या खात्यांपुरते. आणि एजन्सीने पाठवलेला माणूस हा सरकारने नेमलेलाच नाही, असे म्हटले की तेही गळून पडते.

हे सगळे आम्ही पुढच्या रविवारी विहारात सांगितले. अमेरिकेचा नकाशा नव्हता, फळ्यावर दोन सह्या काढल्या, एक १९६५ ची आणि एक २०२५ ची. मग तो इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणाला, "काका, आपल्या तालुक्यात किती पदं अशी ठेक्यावर गेली, हे कुणाला म्हाइत हाय का?" आम्हाला माहीत नव्हते. वीस वर्षे वकिली करून आम्ही हा प्रश्न कधी लेखी विचारला नव्हता.

त्या दिवशी सतरंजीवर बसून अकरा अर्ज लिहिले गेले. माहितीचा अधिकार कायदा २००५, कलम ६(१). मंजूर पदे किती, भरलेली किती, बाह्ययंत्रणेकडून किती, बिंदुनामावली शेवटची कधी तपासून घेतली, अनुशेष किती. प्रत्येक अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प. नववीतल्या एका मुलीचे अक्षर चांगले, म्हणून सगळे अर्ज तिने लिहिले आणि सह्या मोठ्यांनी केल्या. सोमवारी ते वेगवेगळ्या कार्यालयांत जाऊन पोच घेऊन आले. एका ठिकाणी आवक बारनिशीवरच्या बाबूने विचारले, हे कशाला पाहिजे तुम्हाला? मुलाने सांगितले, अमेरिकेमुळे. बाबू गोंधळला, पण शिक्का मारला. मुदत ३० दिवसांची आहे. उत्तरे आली की याच जागी आकडे देऊ, आणि नाही आली तर पहिल्या अपिलाचा मसुदा तयार आहे.